वाचकांचे प्रश्न : वहीतला तो ‘वि.’ कुणाला विचारायचा?

मागच्या अंकात घराण्याची वंशावळ कशी शोधायची यावर लिहिलं होतं. त्यानंतर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच काळजीचे निघाले, की शोधून झालं, जमवून झालं, आता हे ठेवायचं कुठं आणि आपल्यामागं बघणार कोण. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्यातलेच घेतलेत. घरातल्या गोष्टी आहेत, त्यामुळं नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : माझं वय ७१, बँकेतून रिटायर झालो, राहायला जुळे सोलापूरला. गेली १९ वर्षं घराण्याची माहिती गोळा करतोय. पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्या बघितल्या, त्र्यंबकेश्वरहून नामावळी उतरवून आणली, मूळ गाव अक्कलकोट तालुक्यात, तिथल्या शाळेचं जनरल रजिस्टर, जुने फेरफार, कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी), सगळं पालथं घातलं. सात पिढ्या आणि ६०० च्या वर नावं जमलीत. चार फुलस्केप वह्या, दोन फायली, एक जुना कॉम्प्युटर, एक पेन ड्राइव्ह. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. मुलगा म्हणतो, बाबा तुमची आवड आहे तुम्ही करा, आम्हाला वेळ कुठंय. तो चुकीचं बोलत नाही, पण माझ्यामागं हे रद्दीत जाणार या विचारानं झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आमच्या घरात हे होऊन गेलंय. माझे चुलतआजोबा भवानी पेठेत राहायचे. हिशेबाच्या एका लांबट वहीत त्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ लिहिली होती, लाल कापडी पुठ्ठा, आत जांभळ्या शाईतलं गोल अक्षर, आणि मधल्या तीन पानांवर दिव्याचं तेल सांडून ती पानं अशी झालीत की पलीकडची ओळ अलीकडून दिसते. ते गेल्यावर बाकीच्या वह्या किलोवर गेल्या, ही एवढी वाचली ती काकूनं मागच्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब लिहायला घेतली म्हणून.

तर वही आहे, माझ्याकडंच आहे. पण त्यातल्या ११ नावांपुढं पेन्सिलनं ‘वि.’ असं लिहिलंय. विधवा म्हणावं तर त्यात पुरुषांची नावं आहेत, विजापूर म्हणावं तर तिकडं नोकरीला गेलेला एकच जण आम्हाला माहितीय, विभक्त म्हणजे वेगळं घर केलेले की काय, का ‘विचारणे’, म्हणजे अजून कुणाला तरी विचारायचं राहिलंय? आम्ही चुलतभावंडं बसून किती वेळा त्यावर बोललो, काही लागत नाही. आजोबा १९८६ साली गेले. त्याआधी कितीतरी वर्षं ते ओट्यावर बसलेले असायचे आणि आम्ही त्यांच्यासमोरून क्रिकेट खेळायला जायचो, एकानंही विचारलं नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, तुम्ही आहात तोवर हे दुसऱ्याच्या हातात द्या आणि कसं वाचायचं ते शेजारी बसवून दाखवा. मृत्युपत्रात लिहून ठेवणं, कपाटाला कुलूप लावून किल्ली कुठंय ते सांगणं, हे सगळं नंतरचं.

आधी दोन पानांची एक चावी लिहा. कुठल्या वहीत काय आहे, तुम्ही वापरलेल्या खुणांचा अर्थ काय, लाल शाई कशाला आणि निळी कशाला, कुठलं नाव पक्कं आणि कुठलं अंदाजानं. ही पानं पहिल्या वहीला आतून चिकटवू नका, दोऱ्यानं शिवा. मग प्रत्येक माहितीपुढं ती कुठून आली ते. हे काम कंटाळवाणं आहे, ६०० नावं म्हणजे दोन-तीन महिने जातील, पण याच्याशिवाय पुढच्या माणसाला तुमच्या १९ वर्षांवर भरवसा ठेवता येत नाही. ‘पंढरपूर, अमक्या उपाध्यांची वही, मी स्वतः बघितली, तारीख’ असं एक, आणि ‘थोरल्या आत्यानं सांगितलं, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आली होती तेव्हा’ असं दुसरं. दोन्हीची किंमत आहे, पण ऐकीव ते ऐकीव आणि कागदावरचं ते कागदावरचं असं वेगळं दिसायला पाहिजे. हेळवी लोक बैलावरनं गावोगाव यायचे आणि घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेलं नाव जोडून घ्यायचे, आपल्या भागात ते अजूनही कुणाकुणाला आठवतं. त्यांच्याकडून काही मिळालं असेल तर तेही तसंच लिहा, हेळव्याकडून ऐकलं म्हणून.

तारखांचं एक सांगते. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतं, शके १८५२ म्हणजे १९३०, आपल्याकडं सोलापुरात मार्शल लॉ लागला ते साल (पौष ते फाल्गुनातली तारीख असेल तर एक वर्ष पुढं जातं, ते पंचांगात बघून घ्या). अक्कलकोट संस्थान होतं आणि पलीकडं तुळजापूर, नळदुर्ग निजामाचं, त्यामुळं तिकडच्या सोयऱ्यांच्या कागदावर फसली साल, म्हणजे तिकडचं महसुली साल, निघेल, त्यात महिना बघून ५९० किंवा ५९१ मिळवायचे. पण मूळ आकडा खोडून नवीन लिहू नका. जसं आहे तसं आधी, आणि तुमचा हिशेब त्याच्याखाली. मोडी लिपीतला कागद असेल तर तेच, मूळ कागदाचा फोटो, मग वाचून काढलेलं देवनागरी, आणि कुणी वाचलं त्याचं नाव. मोडी वाचणाऱ्याचीही चूक होते, दुसऱ्याला परत बघता आलं पाहिजे.

आता कॉम्प्युटर. तुम्ही लिहिलं नाही, पण १९ वर्षांपूर्वीचं टायपिंग असेल तर ते श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असण्याची शक्यता खूप आहे. नवीन मशीनवर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि घरच्यांना वाटतं फाइल खराब झाली, डिलीट करतात. आजच्या आज बघा. तसं असेल तर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, कन्व्हर्टर फुकटात मिळतात, फक्त नंतर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, तिथं हमखास गडबड होते. त्याची पीडीएफ करा आणि एक प्रिंट काढाच, कागद उघडायला पासवर्ड लागत नाही. वंशवृक्ष सॉफ्टवेअरमध्ये भरायचा असेल तर ग्रॅम्प्स फुकट आहे, मात्र कुठलंही घेतलं तरी जेडकॉम फाइल काढून ठेवा. वंशावळीचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम ती फाइल वाचतात, उद्या तो प्रोग्रॅम बंद पडला तरी नावं आणि नाती अडकून पडत नाहीत.

एका पेन ड्राइव्हवर अजिबात विसंबू नका. तीन कॉपी पाहिजेत, त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या, आणि एक तरी दुसऱ्या गावात. म्हणजे हार्ड डिस्क तुमच्याकडं, एक ऑनलाइन, आणि एक हार्ड डिस्क प्रिंटसकट पुण्याला. दर वर्षी एक दिवस ठरवून उघडून बघायचं, संक्रांतीला बघा, गड्डा लक्षात राहतो. माळ्यावर काहीच ठेवू नका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर असतं आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त, कागद तडकतो, फोटो एकमेकांना चिकटतात, हार्ड डिस्कही टिकत नाही. खालच्या खोलीत, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, लोखंडी कपाट.

गुगलवर ठेवलं असेल तर तिथं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सेटिंग आहे. तुम्ही ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवून तुम्ही निवडलेला डेटा त्यांना देता येतो, १० जणांपर्यंत नावं देता येतात. हे केलं नाही आणि दोन वर्षं खातं कुणी उघडलंच नाही, तर गुगल ते पुसून टाकू शकतं. मुलगा दिवाळीला आला की त्याच्याकडूनच करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि मुलाचं. त्याला ६०० नावं नकोत हो, कुणालाच नको असतात एकदम. त्याला एक पान द्या. त्याच्या आजोबांचं, फोटो लावून, ते कुठल्या शाळेत गेले, मिलमध्ये कुठल्या खात्यात होते, कुठल्या चाळीत राहिले. पुढच्या महिन्यात दुसरं एक पान. माझ्या बघण्यात असं आहे की पस्तिशीत नको म्हणणारा माणूस पन्नाशीत स्वतःहून विचारायला येतो, तोवर ते टिकवायचं कसं एवढाच प्रश्न आहे. म्हणून फक्त मुलगा-मुलगी धरून बसू नका. भाच्या, पुतण्या, बहिणीची नातवंडं, त्यात एखादी असते जी लग्नकार्यात म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून ऐकत असते. तिला वह्या दाखवा. आडनाव वेगळं आहे म्हणून सोडू नका.

शेवटचं, छापा. कुलवृत्तांत काढायची आपल्याकडं जुनी पद्धत आहे, कितीतरी घराण्यांची माहिती आज त्या पुस्तकांमुळंच मिळते. ५० प्रती पुरेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात मोफत मिळतो. प्रती नातेवाइकांत वाटा आणि गावातल्या जुन्या वाचनालयात, आपल्याकडं हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, तिथं विचारून एकेक द्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, तिथंही विचारा. घरातली प्रत वाळवीनं खाल्ली तरी एक कुठंतरी राहते.

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली, म्हणजे विणकर. पणजोबा करीमनगरकडून सोलापूरला मागावर आले. आजोबांच्या हिशेबाच्या दोन वह्या आहेत, तेलुगूत. वडिलांना थोडं वाचता यायचं, मला बोलता येतं वाचता येत नाही, माझी मुलं इंग्लिश मीडियमला, ती घरात तेलुगू समजतात पण उत्तर मराठीत देतात. मी मराठीत भाषांतर करून मूळ वह्या काढून टाकल्या तर चालेल का, खूप जीर्ण झाल्यात.

उत्तर : नाही ताई, काढू नका. जीर्ण झाल्या असतील तर सुती कापडात गुंडाळून ठेवा, पण ठेवा. भाषांतर तीन थरांत करा. आधी पानाचा स्कॅन नाहीतर उजेडात सरळ वरून काढलेला फोटो. मग तेलुगूच देवनागरीत जसंच्या तसं, उच्चाराप्रमाणं. मग मराठी अर्थ. मधला थर लोक गाळतात आणि तिथंच नुकसान होतं, कारण ‘मग्गम’ला तुम्ही थेट माग लिहिलं की आजोबा घरात काय म्हणायचे ते तुमच्या नातवाला कधीच कळणार नाही. आकडेही नीट बघा, जुने तेलुगू आकडे वेगळे असतात आणि अपूर्णांकाच्या वेगळ्या खुणा असतात, वाचणाऱ्याला ते पहिल्यांदा विचारा.

दुसरं म्हणजे नावं. तेलुगूत इंटिपेरू, म्हणजे घराचं नाव, आधी येतं आणि माणसाचं नाव नंतर. सोलापुरात शाळेत नाव घालताना गुरुजींनी ते उलटं करून मराठी पद्धतीनं लिहिलं, आणि आडनावाचं स्पेलिंग तर एका भावाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. त्यामुळं एकच माणूस वहीत, शाळेच्या दाखल्यावर आणि मिलच्या कागदावर तीन वेगळी माणसं वाटू शकतो. प्रत्येकाच्या पानावर सगळी रूपं लिहून ठेवा, बरोबर कुठलं ते ठरवत बसू नका, सगळीच बरोबर आहेत. गोत्रही लिहा, तेलंगणातल्या नातेवाइकांशी धागा जुळवायला त्याचा उपयोग होतो.

वाचणारं माणूस पूर्व भागात अजून मिळतं, पण सगळे सत्तरी-ऐंशीचे आहेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवाला बाहेरगावचे पाहुणे येतात तेव्हा वही घेऊन बसा आणि त्यांनी वाचलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करा. लिहून नंतर काढता येईल, आवाज आधी घ्या.

प्रश्न : आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो आहे, कडेला फाटलाय. लॅमिनेशन करून घेऊ का?

उत्तर : नको. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक फोटोत मुरतो, परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, काही वर्षांत पिवळा पडतो आणि डाग सोडतो. टाचणी, स्टेपलर असेल तर काढा, गंजतात. ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि फाटलेला भाग दुरुस्त करायचा तो त्या स्कॅनवर, मूळ फोटो आहे तसा पातळ साध्या कागदाच्या पाकिटात. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं, कडेला, न दाबता. ‘आजी-आजोबा’ असं लिहू नका, तुमच्या नातवाला ते वेगळेच आजी-आजोबा वाटतील, पूर्ण नावं लिहा. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवा, फोटोला टेकवून नाही.

प्रश्न : माहिती काढताना कळलं की पणजोबांचं दुसरंही एक घर होतं आणि त्या घरातली एक मुलगी आमच्याकडं ‘मानलेली आत्या’ म्हणून वाढली. आत्या आता नाहीत, त्यांची मुलं आहेत, त्यांना माहीत नसावं. माझे काका म्हणतात ते पान फाडून टाक, घराण्याची अब्रू जाईल. लिहू का नको?

उत्तर : फाडू नका, आणि छापूही नका, निदान आत्ता. जे जिवंत आहेत त्यांचा हक्क आधी. आत्यांच्या मुलांच्या आयुष्यातली ही गोष्ट आहे, ती त्यांना कुलसंमेलनात वाटलेल्या पुस्तकातून कळावी हे बरोबर नाही. वेगळ्या कागदावर लिहा, कुठून कळलं तेही लिहा, पाकिटात बंद करून वर तारीख टाका की अमक्या सालाआधी उघडू नये, ३० वर्षं पुढची टाका, आणि ज्याच्याकडं वह्या देणार त्याला सांगा की असं पाकीट आहे. मधल्या काळात त्या मुलांपैकी कुणी स्वतःहून विचारलं तर खोटं सांगू नका, पण काकांशी बोलून मगच, आणि समोर बसून, फोनवर नाही. बाकी जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आधार नंबर असलं काही ऑनलाइन झाडात टाकू नका.

काकांना मात्र एक विचारा. अब्रूच्या नावाखाली आपल्या वंशावळीतून आधीच किती जणी गेल्यात. माझ्या चुलतआजोबांच्या वहीत १४० पुरुष आहेत आणि बायका २३. त्या २३ मधल्याही बऱ्याच जणी नुसत्या ‘पत्नी’, फार तर सासरचं नाव. लग्नात नाव बदललं की माहेरचं नाव, माहेरचं गाव, आई कोण, सगळं त्या दिवशी संपलं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला शोधायला आठ महिने लागले, शेवटी ते तिच्या भावाच्या घरातल्या एका पितळी घागरीवर सापडलं, ठोके मारून कोरलेलं, लग्नात द्यायची म्हणून घातलेली घागर आणि कुठल्याशा भांडणात मागंच राहिलेली. भांड्यांवरची नावं बघा म्हणून मी सगळ्यांना सांगते, तांब्या, परात, समई, मोडीत घालायच्या आधी फोटो काढा. नाव आणि तारीख दोन्ही मिळतं बऱ्याचदा.

आत्यांचं नाव तुमच्या वंशावळीत आज मानलेली मुलगी म्हणून तरी आहे ना, ते कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका.

प्रश्न : आजी ८७ ची आहे, विडी घरकुलला, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, असते, अजून रोज थोड्या विड्या वळते. तिचं बोलणं मी मोबाइलवर ४० मिनिटं रेकॉर्ड केलंय, ते फॅमिली ग्रुपवर टाकलंय. तेवढं बस होईल ना? ती साल सांगत नाही, आणि मधेमधे कात्रीचा आवाज येतो, एडिट करून काढू का?

उत्तर : ग्रुपवर टाकलं म्हणजे ठेवलं असं नाही, फोन बदलला की जातं, आणि फोटो असेल तर तिथं त्याची क्वालिटीही उतरते, पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइल फोनमधून काढून दोन ठिकाणी ठेवा, फाइलला नाव द्या, आजीचं पूर्ण नाव आणि तारीख. पुढच्या वेळी सुरुवातीला तुम्ही स्वतः बोला, आज अमुक तारीख, अमुक ठिकाण, कोण बोलतंय.

साल विचारू नका, तिला मोठ्या गोष्टींच्या आधारानं विचारा. रझाकारांच्या वेळी केवढी होतीस, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण जायचं, किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे कुठल्या घरात होतात, तेव्हा थोरल्याचं लग्न झालं होतं का. १९४८, १९७२, १९९३, ही तीन टोकं धरली की मधलं बरंचसं जागेवर बसतं. आणि तिच्या आईच्या आईचं नाव विचारा, तिच्याशिवाय आता कुणालाच माहीत नसणार. आमच्या वहीत तो रकानाच नाही.

कात्रीचा आवाज काढू नका. उलट एकदा तिला मधेच थांबवा आणि पान कसं भिजवते, कसं कापते, दोरा कसा गुंडाळते ते तिच्या तोंडून सांगून घ्या, सूप मांडीवर असतानाच.